चार कॉम्प्युटर, चार भाषा: कारखान्यात पहिलं मिडलवेअर बसवताना

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या टॉवेलच्या कारखान्यात दुपारी तासभर बसा. मागावरची माणसं तेलुगूत बोलतात, अक्कलकोटकडून आलेला टेम्पोवाला कन्नडमध्ये, ऑफिसातला हिशेब मराठीत चालतो आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्याचा फोन हिंदीत येतो. तरी काम अडत नाही, कारण मध्ये एखादे अण्णा असतात, त्यांना चारही भाषा येतात. मालक अण्णांना सांगतात, अण्णा ज्याला जसं कळेल तसं पुढे सांगतात.

त्याच कारखान्यातल्या कॉम्प्युटरांना मात्र असे अण्णा नसतात. बिलिंगचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवर, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-भाषेत केलेलं. ऑर्डर घेणारी वेबसाइट लिनक्स सर्व्हरवर, पायथनमध्ये. गोडाऊनमधल्या माणसाच्या हातात अँड्रॉइड फोन. आणि अलीकडे काही मागांवर फेऱ्या मोजणारे छोटे बोर्ड बसलेत, ते चौथेच. यांच्यामध्ये निरोप्या असतो तो माणूस: वेबसाइटवरची ऑर्डर कागदावर उतरवणारा, कागद बघून बिल टाइप करणारा, गोडाऊनला फोन करून ‘चाळीस डझन काढून ठेवा’ म्हणणारा. हे काम सॉफ्टवेअरने करायचं, त्यालाच मिडलवेअर म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिम खाली, तुमचा प्रोग्रॅम वर, आणि वेगवेगळ्या मशीनवरचे प्रोग्रॅम एकमेकांशी बोलावेत म्हणून मधे बसलेला हा थर. शब्द नवा नाही, १९६८ साली जर्मनीत गार्मिश इथे सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगवर जी परिषद झाली तिच्या अहवालातही तो आहे.

हा लेख इंजिनिअरिंग नुकतंच संपवलेल्या, किंवा एखाद्या कारखान्याचं ‘कॉम्प्युटरचं सगळं’ अंगावर पडलेल्या मुलामुलींसाठी आहे. मी हे काम इथल्याच कारखान्यांत करत आलो आहे, म्हणून उदाहरणं टॉवेल-चादरीचीच येतील.

आधी खरंच गरज आहे का ते बघा

दोनच प्रोग्रॅम असतील आणि दोन्ही एकाच डेटाबेसवर चालत असतील, तर मिडलवेअर बसवू नका. एक जास्तीची गोष्ट सांभाळायला लागेल, एवढंच. गरज पडते ती संख्या वाढली की. प्रत्येकाला प्रत्येकाशी थेट जोडायचं म्हटलं तर चार प्रोग्रॅमांना सहा जोडण्या लागतात, दहांना पंचेचाळीस. मधे एक ठेवला तर चारांना चार, दहांना दहा. शिवाय उद्या बिलिंगचं सॉफ्टवेअर बदललं तर एकच जोडणी बदलावी लागते.

पायरी पहिली: वही घेऊन कारखान्यात फिरा

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी दोन दिवस नुसतं फिरा. सूत आत येतं तिथून गाठी बांधून बाहेर जातात तिथपर्यंत, प्रत्येक टेबलापाशी थांबून तीन प्रश्न विचारा: तुम्हाला कुणाकडून काय कळतं? ते कळायला तासभर उशीर झाला तर काय बिघडतं? तेच दोनदा कळलं तर काय बिघडतं?

तिसऱ्या प्रश्नाला लोक हसतात. पण सगळ्यात महत्त्वाचं उत्तर तिथेच मिळतं. ‘मागाने आज किती पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) टाकले’ हा आकडा दोनदा आला तर काहीच बिघडत नाही, नवा आकडा जुन्यावर बसतो. ‘व्यापाऱ्याला चलन (माल पाठवण्याचा कागद) काढा’ हे दोनदा आलं तर माल दोनदा जातो.

पायरी दुसरी: फोन की चिठ्ठी

दोन प्रोग्रॅम बोलण्याच्या पद्धती मुळात दोनच. पहिली फोनसारखी: विचारलं, उत्तर येईपर्यंत थांबलो, समोरचा जागेवर नसेल तर काम अडलं. दुसरी चिठ्ठीसारखी: चिठ्ठी पेटीत टाकली आणि आपल्या कामाला लागलो, समोरचा येईल तेव्हा वाचेल.

फोनच्या पद्धतीचा इतिहास मोठा आहे. दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन आपल्याच मशीनवर असल्यासारखं बोलवायचं, या कल्पनेवर बिरेल आणि नेल्सन यांचा निबंध १९८४ चा. १९९१ मध्ये कॉर्बा या मानकाची पहिली आवृत्ती आली. कुठल्याही भाषेतली, कुठल्याही मशीनवरची वस्तू कुणालाही वापरता यावी, हे तिचं ध्येय. पण तारेवरून नेमकं काय जायचं हे सुरुवातीला ठरलेलं नव्हतं, त्यामुळे एका कंपनीचं कॉर्बा दुसऱ्या कंपनीच्या कॉर्बाशी बोलेलच असं नव्हतं. ते २.० आवृत्तीत ठरलं. पुढे याच कामाच्या आणखी पद्धती आल्या: सोप आलं, २००० साली रॉय फील्डिंग यांच्या प्रबंधातून रेस्ट आलं, म्हणजे वेबपान मागवतात तशीच विचारणा करायची रीत, २०१५ मध्ये गूगलने जीआरपीसी खुलं केलं. आज नवख्या माणसाने फोनच्या पद्धतीसाठी रेस्ट घ्यावं. मोबाइलवरचा ब्राउझरही त्याच वाटेने बोलतो आणि काही बिघडलं तर जाणारा-येणारा मजकूर डोळ्यांनी वाचता येतो.

पण माझा सल्ला असा, की कारखान्यात शक्य तिथे चिठ्ठीच वापरा. ‘या डिझाइनचा स्टॉक किती’ हा प्रश्न फोनचा, कारण उत्तर आत्ता हवंय. ‘ऑर्डर आली’, ‘चलन निघालं’, ‘गाठ बांधली’ या बातम्या आहेत, त्यांना चिठ्ठी पुरते. आणि एमआयडीसीत लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. बिलिंगचा कॉम्प्युटर बंद पडला म्हणून वेबसाइटने ऑर्डर घेणं थांबवता कामा नये.

पायरी तिसरी: निरोप कागदावर ठरवा

इथे घाई करू नका. जोडण्या तुटतात त्या बहुतेक इथे केलेल्या आळसाने.

सगळ्यात खालून सुरू करतो. १००० हा आकडा दोन बाइटमध्ये लिहायचा तर ३ आणि २३२ असे दोन बाइट होतात, कारण ३ गुणिले २५६ अधिक २३२ म्हणजे १०००. काही मशीन मोठा भाग आधी ठेवतात: ३, २३२. इंटेलच्या प्रोसेसरवर लहान भाग आधी येतो: २३२, ३. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने आपल्या सवयीने वाचलं, तर २३२ गुणिले २५६ अधिक ३, म्हणजे ५९३९५. हजार टॉवेलांची ऑर्डर एकोणसाठ हजारांवर जाते आणि कुठेही एरर येत नाही. म्हणून कच्चे बाइट एका मशीनवरून दुसऱ्यावर पाठवू नका. निरोप जेसनसारख्या वाचता येणाऱ्या मजकुरात पाठवा. वेग कमी पडायला लागला तर प्रोटोकॉल बफरकडे, म्हणजे निरोप कमी बाइटांत बांधणाऱ्या पद्धतीकडे, वळता येतं, पण एका कारखान्याच्या ऑर्डरींना वेग कमी पडत नाही.

मजकूर म्हटला की अक्षरं आली, आणि आपल्याला मराठी सोडवत नाही. सगळीकडे युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा) आणि यूटीएफ-८ (तो आकडा बाइटांत लिहायची रीत) असं एकदाच ठरवून टाका. त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘चादर’ मध्ये च, काना, द, र अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नावाला वीस बाइटांची जागा असेल, तर ‘सोलापूर’ हा एकटा शब्द एकवीस बाइटांचा होतो आणि शेवटच्या ‘र’चा एक बाइट कापला जाऊन तिथे प्रश्नचिन्ह किंवा चौकोन दिसतो. दुसरं दुखणं जुन्या मराठी फाँटचं. त्यात साठवलेलं असतं इंग्रजी अक्षरांचं जंजाळ, फाँट तेवढा मराठी दाखवतो. ते नाव दुसऱ्या मशीनवर गेलं की कचरा दिसतो. ते युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय पुढे जाऊच नका.

आणि एक खास मराठीचं. ‘व्यापाऱ्याचं’ मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्ता असलेल्या ऱ ने, किंवा साधा र, हलंत आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. दिसायला दोन्ही एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळी नावं. म्हणून व्यापारी, डिझाइन, सुताचा काउंट, यांची ओळख कधीही नावावरून पटवू नका. प्रत्येकाला कोड द्या आणि निरोपात कोड पाठवा, नाव नुसतं वाचण्यापुरतं.

पैसे पूर्णांकात, पैशांतच पाठवा: २४९ रुपये ५० पैसे म्हणजे २४९५०. दशांश चिन्हाच्या आकड्यांत कॉम्प्युटर ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ करत नाही, आणि वर्षअखेरीला हिशेब पैशा-पैशाने चुकतो. तारीख वर्ष-महिना-दिवस अशाच क्रमाने लिहा, वेळेपुढे साडेपाच तासांचा फरकही लिहा. परदेशातल्या सर्व्हरवर घड्याळ बहुधा जागतिक वेळेचं असतं, मग रात्री दोनची ऑर्डर आदल्या दिवशीची दिसते. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा सेल उतरला असेल तर लाइट गेली की त्याची तारीखच वर्षानुवर्षं मागे जाते. म्हणून निरोप पोचल्याची वेळ मधल्या सर्व्हरनेही आपली स्वतंत्र टाकावी. आणि एकक: ‘४०’ म्हणजे चाळीस नग, डझन की गाठी?

वहीतला एक निरोप असा दिसला पाहिजे:

निरोप क्रमांक: वेब-१०४२
प्रकार: ऑर्डर आली
आवृत्ती: १
व्यापारी कोड: व्य-०३७
माल कोड: टॉ-३०६०-४५०
संख्या: ४८०, एकक: नग
दर: २४९५०, एकक: पैसे
वेळ: वर्ष-महिना-दिवस, तास-मिनिट, अधिक ०५:३०

निरोप क्रमांक आणि आवृत्ती या दोन ओळी नवीन माणूस हमखास विसरतो. आवृत्ती यासाठी, की सहा महिन्यांनी निरोपात एक रकाना वाढणारच. तेव्हा जुना रकाना काढायचा नाही, त्याचा अर्थ बदलायचा नाही, फक्त नवा जोडायचा. क्रमांक कशासाठी, ते पुढे येतं.

पायरी चौथी: मधली पेटी बसवा

चिठ्ठ्यांच्या कामासाठी मी नवख्यांना रॅबिटएमक्यू हे निरोप साठवून पोचवणारं सॉफ्टवेअर सुचवतो. २००७ पासूनचं आहे, मुक्त स्रोत आहे, पायथन, जावा, पीएचपी, सी-शार्प सगळ्यांना त्याच्याशी बोलता येतं. काफ्काचं नाव तुमच्या कानावर आलेलं असेल, लिंक्डइनमध्ये जन्मलेलं. ते अफाट निरोपांसाठी आहे, दिवसाला तीनशे चलनांसाठी त्याचा पसारा मांडू नका.

रॅबिटएमक्यू एरलँग या भाषेत लिहिलंय, म्हणून आधी एरलँग टाकावं लागतं आणि दोघांच्या आवृत्त्या जुळाव्या लागतात. बसवल्यावर मॅनेजमेंट प्लगइन सुरू करा, मग ब्राउझरमध्ये १५६७२ या पोर्टवर त्याचं पान उघडतं. प्रोग्रॅम बोलतात ते ५६७२ वर. सुरुवातीचा ‘गेस्ट’ वापरकर्ता फक्त त्याच मशीनवरून चालतो. दुसऱ्या मशीनवरून नकार आला की मुलं तास-तास नेटवर्कच्या वायरी तपासत बसतात. प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळा वापरकर्ता करा आणि गेस्ट काढून टाका.

मग रचना समजून घ्या. पाठवणारा निरोप थेट क्यूमध्ये, म्हणजे निरोपांच्या रांगेत, टाकत नाही, एक्स्चेंजकडे देतो. एक्स्चेंज म्हणजे पोस्टातला छाननीचा टेबल. निरोपावरची खूण बघून तो ठरवतो कुठल्या क्यूमध्ये टाकायचं. ‘ऑर्डर आली’ ही एकच बातमी बिलिंगच्या क्यूत आणि गोडाऊनच्या क्यूत, दोन्हीकडे जाऊ शकते आणि वेबसाइटला त्याची खबरही नसते. एक खड्डा मात्र लक्षात ठेवा: त्या खुणेला कुठलीच क्यू जोडलेली नसेल, तर एक्स्चेंज निरोप गुपचूप टाकून देतो. पाठवताना ‘मँडेटरी’ हा पर्याय लावला तर तो परत येतो. लावाच.

लाइट गेल्यावर निरोप टिकायचा असेल तर तीन गोष्टी एकत्र लागतात: क्यू ड्युरेबल (सर्व्हर बंद होऊनही राहणारी) हवी, निरोप पर्सिस्टंट (डिस्कवर लिहिला जाणारा) हवा, आणि पाठवणाऱ्याने पब्लिशर कन्फर्म, म्हणजे सर्व्हरची पावती, येईपर्यंत ‘पाठवलं’ म्हणायचं नाही. क्यू ड्युरेबल केली आणि निरोप साधाच ठेवला, तर सर्व्हर परत चालू झाल्यावर क्यू असते, आतलं काही नसतं.

पायरी पाचवी: निरोप पोचणं वेगळं, काम होणं वेगळं

हे मी एका कारखान्यात शिकलो. जोडणी छान चालली होती. एका संध्याकाळी लाइट गेली, अर्ध्या तासाने आली, सगळं पुन्हा सुरू झालं. चार दिवसांनी व्यापाऱ्याचा फोन: ‘चाळीस डझन पाठवतो म्हणालात, अजून माल नाही.’ वेबसाइटवर ऑर्डर होती, रॅबिटएमक्यूत निरोप पोचल्याची नोंद होती, क्यू रिकामी होती. फक्त चलन निघालं नव्हतं. मी ॲक, म्हणजे घेणाऱ्याने द्यायची पावती, आपोआप द्यायला सांगितलं होतं. म्हणजे निरोप बिलिंगच्या मशीनवर गेला त्या क्षणी पेटीतून पुसला गेला, आणि चलन छापायच्या आधी मशीन बंद पडलं. मालकांनी त्या व्यापाऱ्याची माफी मागितली, ती मी समोर उभा राहून ऐकली.

तेव्हापासून नियम एकच. आधी काम पुरतं करायचं, डेटाबेसमध्ये नोंद पक्की करायची, मगच ॲक द्यायचा. ॲक न देता जोडणी तुटली, तर रॅबिटएमक्यू तो निरोप परत क्यूत घालतं आणि पुन्हा देतं.

पण आता उलटी अडचण उभी राहते. चलन निघालं, आणि ॲक द्यायच्या आत लाइट गेली, तर? निरोप पुन्हा येणार, चलन पुन्हा निघणार. एकदाच आणि नेमकं एकदाच पोचवण्याची हमी मधल्या पेटीच्या भरवशावर मिळत नाही, ती घेणाऱ्याने मिळवायची असते. इथे निरोप क्रमांक कामाला येतो. बिलिंगच्या बाजूला एक टेबल ठेवा: झालेल्या निरोपांचे क्रमांक. निरोप आला की आधी तिथे बघा. असेल तर काही न करता ॲक द्या. नसेल तर चलनाची नोंद आणि क्रमांकाची नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा, म्हणजे दोन्ही होतील किंवा दोन्ही होणार नाहीत. छपाई त्या नोंदीवरून वेगळी करा. कागद दुसऱ्यांदा निघालाच तर त्यावर तोच चलन क्रमांक असतो आणि गोडाऊनमधल्या माणसाच्या लगेच लक्षात येतं.

हे सगळं लिहून झालं की स्वतः तोडून बघा. काम चालू असताना बिलिंगच्या मशीनचा प्लग काढा. नेटवर्कची वायर काढा. रॅबिटएमक्यूचा सर्व्हर बंद करा. प्रत्येक वेळी दहा ऑर्डरी टाकून दहाच चलनं निघतात का मोजा. ही परीक्षा कारखान्याला सुट्टी असेल त्या दिवशी करा आणि मालकांना आधी सांगून करा.

एखादा निरोप मुळातच बिघडलेला असतो, माल कोड चुकलेला किंवा संख्या नसलेली. तो घेतला जातो, फसतो, परत क्यूत जातो, पुन्हा घेतला जातो, असं रात्रभर चालतं. त्यासाठी डेड लेटर क्यू लावा. दोन-चार प्रयत्नांत न जमलेले निरोप तिथे जाऊन पडतात आणि सकाळी माणूस बघतो.

पायरी सहावी: ज्याला बोलताच येत नाही त्याच्यासाठी

फॉक्सप्रोतलं बिलिंग रॅबिटएमक्यूशी थेट बोलणार नाही. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार २०१५ मध्येच बंद केला, पण कारखान्यात ते चालतंय आणि हिशेबनीसाची बोटं त्यावर बसलेली आहेत. त्याला हात न लावता शेजारी एक छोटा अडॅप्टर प्रोग्रॅम ठेवा, क्यूमधून निरोप घेणारा आणि बिलिंगला समजेल अशी फाइल एका फोल्डरमध्ये ठेवणारा. बिलिंगमध्ये फाइल आयात करण्याची सोय बहुधा असते, नसेल तर ज्याने ते सॉफ्टवेअर केलं त्याच्याकडून तेवढंच करून घ्या. फॉक्सप्रोच्या डीबीएफ या डेटा-फाइलमध्ये बाहेरून थेट ओळी घुसवू नका. इंडेक्स (शोधायची यादी) मागे राहतो आणि माल असूनही शोधल्यावर सापडत नाही.

फाइल लिहिताना आधी वेगळ्या नावाने पूर्ण लिहा, बंद करा, मग त्याच फोल्डरमध्ये तिचं नाव बदलून खरं करा. असं केलं नाही तर बिलिंग अर्धवट लिहिलेली फाइल उचलतं, आणि तिसऱ्या ओळीवर ऑर्डर संपली असं समजतं. तो दोष महिन्यातून एकदाच दिसतो, म्हणून शोधायला फार जड जातो.

पायरी सातवी: माग

मागावरच्या छोट्या बोर्डांना रॅबिटएमक्यूचं मूळ बोलणं जड होतं. त्यांच्यासाठी एमक्यूटीटी ही हलकी पद्धत. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलवाहिन्यांवरची यंत्रं उपग्रहाच्या महागड्या, मंद जोडणीवरून बोलावीत म्हणून ते केलं. निरोपाचं वेष्टन दोन बाइटांइतकं लहान असू शकतं. रॅबिटएमक्यूमध्येच त्याचं प्लगइन आहे, वेगळा सर्व्हर नको. पिकांचे आकडे पोचण्याच्या हमीच्या सगळ्यात साध्या पातळीवर, म्हणजे शून्यावर पाठवा, एखादा हरवला तरी पुढचा येतो. मात्र बोर्डाने चालू बेरीज पाठवावी, ‘आणखी दहा’ असं नाही, नाहीतर हरवलेला निरोप कायमचा हरवतो. आणि ‘लास्ट विल’ लावून ठेवा. बोर्ड अचानक गप्प झाला तर ब्रोकर, म्हणजे मधला सर्व्हर, त्याच्या वतीने सगळ्यांना कळवतो आणि जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्याला) मागापाशी जाऊन बघता येतं.

पायरी आठवी: चालू करताना

रॅबिटएमक्यूचे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवू नका. वेबसाइट बाहेरच्या सर्व्हरवर असेल तर मधला रस्ता टीएलएसने, म्हणजे मजकूर गुप्त करून पाठवण्याच्या पद्धतीने, बंद करा. मधल्या सर्व्हरला यूपीएस द्या, त्याच यूपीएसवर राउटरही घ्या, तो नेहमी राहून जातो.

मग जुनी वही बंद न करता पंधरा दिवस दोन्ही चालवा. रोज संध्याकाळी हिशेबनीसाच्या शेजारी बसा. वहीतल्या ऑर्डरी, वेबसाइटवरच्या ऑर्डरी आणि निघालेली चलनं, तिन्ही आकडे मोठ्याने वाचून जुळवा. मॅनेजमेंटच्या पानावर दोनच गोष्टी बघायच्या: बिलिंगच्या क्यूत निरोप साचलेत का, आणि डेड लेटर क्यूत काही पडलंय का. पहिल्या आठवड्यात तिथे काहीतरी सापडेलच, बहुतेक नव्या डिझाइनचा कोड एकीकडे टाकलेला आणि दुसरीकडे राहिलेला. हे बघायला हिशेबनीसालाच शिकवा, सकाळी कॉम्प्युटर चालू केल्यावरचं पहिलं काम म्हणून. वही कधी बंद करायची तेही त्यांनाच ठरवू द्या.